यादीतला खोडलेला तारा

हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी रेल्वेतून, खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून नाहीतर टपाल खात्यातून निवृत्त झालेलं कोणी ना कोणी आपल्या नोकरीबद्दल लिहितं. मी एकतीस वर्षांची आहे, नोकरी चालू आहे आणि शुगरही अजून नॉर्मल आहे. म्हणजे या पानांवर माझा हक्क नाही. तसं मी संपादककाकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "चुका भरपूर केल्या असतील तर वयाची अट शिथिल करता येईल." मी लगेच होकार दिला.

मी सिव्हिल लाइन्सजवळच्या एका ट्रस्टच्या नेत्र रुग्णालयात, तिथल्या नेत्रपेढीत काम करते. कार्डावर 'समुपदेशक' असं लिहिलंय. कामाचे भाग दोन. कुणी वारलं की त्यांच्या घरी जाऊन डोळे मागायचे, हा पहिला. ते डोळे कोणाला लावायचे ती यादी सांभाळायची, हा दुसरा. लोकांना पहिला भाग अवघड वाटतो. मलाही वाटायचा.

जरा समजावून सांगते. अख्खा डोळा कुणाला बसवत नाहीत. बुब्बुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, त्याला पारपटल म्हणतात, डॉक्टर कॉर्निया म्हणतात. तो पांढरा पडला की मागचा डोळा धडधाकट असूनही माणसाला दिसत नाही. मेलेल्या माणसाचा हा पडदा काढून जिवंत माणसाला लावता येतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावा लागतो. तोपर्यंत पंखा बंद, डोळ्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी. काढल्यावर तो एका द्रावणात चार दिवस नीट राहतो. म्हाताऱ्या माणसाचा पडदा पुष्कळदा दृष्टी देण्याइतका चांगला नसतो. म्हणजे मिळतात थोडे, त्यातले चालतात त्याहून थोडे, आणि बाकावर बसलेली माणसं पुष्कळ.

या बाकावरच्या माणसांना न्याय द्यायला मी आले होते. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. नोकरीच्या अर्जात मी खरोखरच 'न्याय' हा शब्द तीनदा लिहिला होता.

त्याला कारण घरचं आहे. माझे बाबा खमरियाच्या फॅक्टरीत होते आणि युनियनचे होते. आमच्या क्वार्टरमध्ये जेवणाच्या टेबलावर पत्रकांचे गठ्ठे असत. इतर मुली कागदाच्या होड्या करत, मी पत्रकांच्या घड्या घालत असे. अक्षरओळख पत्रकांवरच झाली, त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतं असा माझा बरीच वर्षं समज होता. पत्रकं हिंदीत होती. मराठी लिहायला शिकवलं ते दीक्षितपुऱ्यात राहणाऱ्या कमलकाकूनं, दर रविवारी शुद्धलेखन घालून. म्हणजे माझी भाषा काकूची आणि राग बाबांचा. या दोन्हींचं मी पुढं काय केलं ते सांगतेच.

पहिल्या वर्षातली एक आठवण आधी सांगते, म्हणजे मी काय चीज होते ते कळेल. एका निवृत्त मास्तरांच्या घरी गेले होते. मास्तरीणबाई डोळे द्यायला तयार होत्या, पण एक अट होती.

"दारू पिणाऱ्याला देऊ नका. आमच्या ह्यांनी जन्मात त्या दुकानाकडं पाहिलं नाही."

मी तिथंच, शवाशेजारी उभं राहून, दान आणि अट यांतला फरक समजावू लागले. दान निरपेक्ष असलं पाहिजे, समाज, समता वगैरे. सोबत नन्हेलाल होते. ते आमचे जुने वॉर्ड अटेंडंट, बॅग उचलणारे, दार उघडणारे, तीस वर्षांची नोकरी. ते हळूच म्हणाले, "माताजी, मास्टर साब की आँख है. जिसको लगेगी, उसको भी उधर देखने में शरम आएगी."

बाईंनी सही केली. मी परत येताना नन्हेलालना ऐकवलं, की हे काही तात्त्विक उत्तर नव्हतं. ते म्हणाले, "नहीं था, दीदी." आणि बॅग मांडीवर धरून बसले.

आता यादीकडे वळते.

मी आले तेव्हा यादी म्हणजे एक जाडजूड रजिस्टर होतं आणि उरलेली यादी डॉक्टर देशकरांच्या डोक्यात होती. देशकर आमचे मुख्य सर्जन, मूळ नागपूरचे, बोलायला कंजूस. पडदा आला की ते रजिस्टर चाळायचे, दोन्ही डोळ्यांनी आंधळं कोण, कोणाचा डोळा किती दिवस तग धरेल, असं काहीबाही पुटपुटायचे आणि एका नावावर बोट ठेवायचे. बोट ठेवलं की झालं. कारण लिहायची पद्धत नव्हती.

त्यातून रजिस्टरमध्ये काही नावांपुढं पेन्सिलीनं तारे काढलेले होते. लहान, पाच टोकांचे, मुलं काढतात तसे. चाळीस-पंचेचाळीस नावांत नऊ तारे. ते पाहिल्याबरोबर माझ्या अंगातलं सगळं खमरिया जागं झालं. तारा म्हणजे शिफारस! तारा म्हणजे कोणाचा तरी साला, कोणाचा तरी सासरा! तोच आठवडा असा होता की एका पुढाऱ्याच्या माणसाचा फोन आला होता, "साहब के ससुर का जरा देख लीजिएगा." मी फोनवरच त्याला संविधान ऐकवलं. त्या सासऱ्यांच्या नावापुढं तारा नव्हता, ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. ज्याला आधीच खात्री असते त्याच्या लक्षात फार थोड्या गोष्टी येतात.

मी तारे कशाचे, हे कोणाला विचारलं नाही. चोराला कुठं विचारतात?

तीन महिने भांडून मी ट्रस्टींकडून नवा नियम मंजूर करून घेतला. नोंदणीच्या तारखेप्रमाणे क्रम. कोणाचं बोट नाही, कोणाचा फोन नाही. पहिल्याला कळवायचं, तो एका दिवसात आला नाही तर कारण लिहून दुसरा. देशकर एवढंच म्हणाले, "एक डोळा चांगला असलेला माणूस आणि दोन्ही गेलेला माणूस, तारीख एकच असली तर?" मी म्हणाले, "सर, दुःखाची तुलना करणारे आपण कोण?" हे वाक्य मला तेव्हा इतकं आवडलं की मी ते डायरीतही लिहून ठेवलं. आता वाचलं की मान खाली जाते. दुःखाची तुलना करायचाच तर आम्हाला पगार मिळतो.

मग मी नवी यादी सुबक टाइप करून ओपीडीच्या भिंतीवर चिकटवली. जुन्या रजिस्टरमधले तारे खोडरबरानं एकेक करून खोडले. वर पहिल्या पानावर शीर्षक लिहिलं: 'नंबर म्हणजे नंबर!' उद्गारचिन्हासह.

त्या यादीनं पहिल्या आठवड्यातच रंग दाखवला. आधी बाकावरची माणसं एकमेकांना शेंगदाणे देत, औषध कोणतं घालता ते विचारत. आता ती भिंतीपाशी उभी राहून वरच्या नावांची चौकशी करू लागली. एक गृहस्थ नवव्या नंबरवर होते, ते दर सोमवारी यायचे आणि अगदी काळजीच्या सुरात विचारायचे, "पाँच नंबरवाले बाबूजी की तबीयत कैसी है? उमर तो बहुत है ना उनकी?"

यादी तारखेनं लावल्यावर आणखी एक झालं. देशकरांच्या हिशेबात पार खाली असलेली एक बाई उडी मारून चौथ्या नंबरवर आली. कमलकाकू.

काकूचा उजवा डोळा मोतीबिंदूच्या जुन्या ऑपरेशननंतर बिघडला होता. पडदा सुजून पांढरा झाला होता, अधूनमधून दुखायचा. डावा मात्र ठणठणीत. त्या एका डोळ्यानं ती अजून माझी ऱ्हस्व-दीर्घ पकडायची. तिनं नाव लवकर नोंदवलं होतं, कारण तिला वाचता येत होतं, ओपीडी पायी दहा मिनिटांवर होती आणि घरात दोन फोन होते. मला हे दिसलं. मी मनाशी म्हटलं, माझी काकू म्हणून तिला मागं ढकलणं हाही पक्षपातच. केवढी मी तत्त्वनिष्ठ!

नियम व्हायच्या आधी काकूनं एकदा विचारलं होतं, "काहून गं, तू आपलीच आहेस ना तिथं? जरा वर घे ना माझं नाव."

मी तिला वशिलेबाजीवर अर्धा तास ऐकवलं.

"पाहा बाई," काकू काकांना म्हणाली, "माझ्याच घरी शुद्धलेखन शिकली अन् मलाच पत्रक वाचून दाखवून राहिली."

पहिल्या नंबरवर होत्या रामवतीबाई. मंडल्याच्या पलीकडं, रस्ता संपतो त्याच्याही पुढं त्यांचं गाव. धान कापताना एका डोळ्याला पात्याचा फटका बसला, त्यावर गावातल्या कोणी काही पाला पिळला, तो डोळा गेला. दोन-तीन वर्षांनी दुसऱ्यात जखम होऊन तोही पांढरा झाला. वय पन्नाशीच्या आत. त्या महिन्यातून एकदा नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून येत, तपासून घेत आणि परत जात. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, अखतीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. त्या मला म्हणाल्या होत्या, "दोनों नहीं चाहिए, बेटी. एक ही दे दो, एक से भी दुलहन पूरी दिखती है."

त्यावर मी सांगितलं होतं, "आप पहले नंबर पर हैं. अब कोई आपका हक नहीं छीन सकता."

होळीनंतर दोन दिवसांनी एक चांगली जोडी आली. त्यातला एक पडदा देशकरांनी त्याच दुपारी, डोळा फुटायच्या बेतात असलेल्या एका मजुराला तातडीनं लावला. तेवढी सोय नियमात होती. उरला एक. उत्तम, नितळ, तरुण माणसाचा.

मी रामवतीबाईंच्या नावापुढचा नंबर फिरवला. तो गावातल्या दुकानदाराचा होता. बंद. पुन्हा फिरवला. बंद. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चौदा वेळा फिरवला आणि चौदाही वेळा वेळेसकट लाल शाईनं नोंद केली. माझ्या नोंदींवर आजही कोणी बोट ठेवू शकणार नाही. देशकरांनी विचारलं, "तिला निरोप गेला का?"

"चौदा वेळा फोन केला, सर. नोंद आहे."

"पूर्वी निरोप कसा जायचा मला माहीत नाही," ते म्हणाले. "जायचा एवढं खरं. नन्हेलाल कुठंय?"

नन्हेलाल होळीला बहिणीकडं सागरला गेले होते. त्यांच्याकडं काय असणार, म्हणून मी त्यांना फोनही केला नाही. दुसऱ्या नंबरच्या माणसाचं ऑपरेशन नागपूरला होऊन गेलं होतं. तिसऱ्याला ताप होता. मी चौथ्या नंबरला फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला.

"काहून गं, एवढ्या दुपारी?"

अर्ध्या तासात काकू धुतलेली साडी नेसून, डबा घेऊन हजर. देशकरांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, रजिस्टरकडं एकदा पाहिलं. "नंबर म्हणजे नंबर," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

ऑपरेशन सुरेख झालं. तीन आठवड्यांनी मंडळात चैत्राचं हळदीकुंकू होतं. तिथं काकू डोळ्यांवर हिरवा चष्मा लावून मधोमध बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती, "पुतणीनं करून दिलं हो! लोक वर्षानुवर्षं थांबून राहिले, पण आपली पोरगी आत असली की चिंता नाही."

"काकू, असं नाही झालं. क्रमानं झालं. माझ्याकडं नोंद आहे."

"हो गं हो," काकू चष्मा वर करून, डोळा मिचकावून म्हणाली. तोच नवा डोळा. "असंच सांगावं लागते."

बायकांनी मला पेढे दिले. वशिल्याविरुद्ध नियम करून त्याच नियमानं नात्यातल्या बाईला पडदा मिळवून देणारी, आणि वर त्याबद्दल पेढे खाणारी, मी एकटीच असेन.

त्यानंतर चारच दिवसांनी रामवतीबाई आल्या. नेहमीच्या तपासणीला, नेहमीसारखा नवऱ्याच्या खांद्यावर हात. बाकावर त्यांच्याशेजारी नन्हेलाल बसले होते. मला पाहून ते उठले.

"दीदी, इनको खबर नहीं गई?"

"फोन बंद था. चौदह बार लगाया."

"फोन तो वहाँ चलता ही नहीं. इसीलिए तो तारा था."

मला खरंच क्षणभर कळलं नाही. "कौन-सा तारा?"

मग त्यांनी सांगितलं. ज्यांच्या गावी फोन पोचत नाही त्यांच्या नावापुढं ते तारा काढत. तारा दिसला की बसस्टँडवर जायचं आणि त्या बाजूच्या गाडीच्या कंडक्टरला निरोप द्यायचा. कंडक्टर शेवटच्या थांब्यावर चहावाल्याला सांगे, चहावाला बाजाराला आलेल्या गावच्या माणसाला. दुसऱ्या दिवशीच्या बसनं माणूस हजर. कोणती गाडी, कोणता कंडक्टर, हे नन्हेलालच्या डोक्यात. अकरा वर्षं हे चाललं होतं. त्यांना लिहिता फारसं येत नव्हतं, म्हणून तारे.

"मैंने सोचा, नई लिस्ट में आपने कुछ और निशान लगाया होगा," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

रामवतीबाई चेहरा आमच्या आवाजाकडं वळवून ऐकत होत्या. त्यांना सांगणं भाग होतं. मी सांगितलं.

"किसको लगी?"

"मेरी काकी को."

"दिखता है उनको?"

"हाँ."

"चलो, अच्छा है." मग म्हणाल्या, "और मेरा नंबर?"

"पहला. आप ही पहली हैं."

"पहली तो पहले भी थी, बेटी."

अखतीला तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत मी जितक्या मयतांच्या घरी गेले तितकी आधीच्या वर्षभरात गेले नव्हते. कोणी वारल्याची बातमी ऐकून आशेनं उठणारी बाई मी झाले होते, आणि त्याची लाजही वाटत नव्हती. दोन घरांनी डोळे दिले. दोन्ही वेळा देणारे ऐंशीच्या घरातले, एकही पडदा दृष्टी देण्याजोगा निघाला नाही. लग्न झालं. नवरीच्या आईनं गालावरून हात फिरवून मुलगी सासरी पाठवली, असं नन्हेलालच्या कंडक्टरकडून कळलं.

मी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, ते तरी म्हणतील की तत्त्व बरोबर होतं. बाबा सुपारी कातरत होते.

"आम्ही गेटवर पत्रकं वाटायचो," ते म्हणाले, "अन् मग टपरीवर बसून वाचून दाखवायचो. अर्ध्या लोकांना वाचता येत नव्हतं. ते तू पाहिलं नाहीस, तू तेव्हा घड्या घालत होतीस."

"मग तुम्ही मला सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं कधी? तू तर आम्हालाच शिकवून राहिली होती."

भिंतीवरची यादी मी उतरवली. देशकर, मी आणि नन्हेलाल असे तिघं बसून नवी रीत ठरवली. दोन्ही डोळे गेलेले आधी, मग तारीख. कारण प्रत्येक वेळी लिहायचं. आणि प्रत्येक नावापुढं निरोप कोणत्या वाटेनं जाईल ते नोंदवायचं. ट्रस्टींपुढं मी जेव्हा म्हणाले की हा नवा नियम मीच जुन्या नियमाविरुद्ध मांडतेय, तेव्हा अध्यक्षांनी विचारलं, "या वेळी उद्गारचिन्ह नाही?"

यानं सगळं सुटलं असं मात्र नाही. निरोप जाऊन माणूस यायला कधी दोन दिवसही लागतात आणि पडदा चारच दिवस टिकतो. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात आम्ही डिंडोरीकडच्या एका म्हाताऱ्यासाठी थांबलो. नाल्याला पूर आला, बस अडकली, तो पोचेपर्यंत पडदा वापरण्याजोगा राहिला नाही. दुसऱ्या नंबरची बाई ते चारही दिवस खमरियाहून रोज येऊन समोरच्या बाकावर बसत होती. तिला काय सांगायचं हे मला आजही ठाऊक नाही. जवळ राहणं हा काही तिचा गुन्हा नव्हता.

त्याच्या आधी, लग्नाच्याच वर्षी, नवरात्रात एका सकाळी एक बरा पडदा आला. मी नन्हेलालना स्कूटरवर मागं बसवून बसस्टँड गाठलं. कंडक्टर पान लावत होता. निरोप ऐकून म्हणाला, "इस बार पक्का है? पिछली बार तो आप लोगों ने बताया ही नहीं." दुसऱ्या दिवशी दुपारी रामवतीबाई आल्या.

पट्टी सुटली त्या दिवशी मी खोलीत मागं उभी होते. पहिल्या दिवशी फार काही दिसत नाही, धुरकट असतं. तपासणीला त्या पुन्हा आल्या तेव्हा बरंच निवळलं होतं. नवऱ्यानं पिशवीतून लग्नाचे फोटो काढले. त्यांनी एक फोटो डोळ्याच्या अगदी जवळ धरला आणि बराच वेळ पाहिला.

"साड़ी तो सबने लाल बताई थी," त्या शेवटी म्हणाल्या. "यह तो गुलाबी है."

नवरा खाली पाहू लागला. मग मी काहीतरी बोलले, बहुधा औषधाच्या थेंबांबद्दल, आणि त्या माझ्याकडं वळल्या. वरपासून खालपर्यंत निरखलं.

"अच्छा, तो आप हैं? आवाज से तो मैं समझी थी, कोई बहुत बड़ी मैडम होगी."

नन्हेलाल तोंड फिरवून हसले. माझी उंची चार फूट अकरा इंच आहे.

जाता जाता त्या टेबलापाशी थांबल्या. रजिस्टर उघडंच होतं. "अब पहला नंबर किसका है?"

मी सांगितलं. बिछियाकडचा एक माणूस, दोन्ही डोळे गेलेले.

"फोन है उसके पास?"

"नाही," मी मराठीतच बोलून गेले.

"उधर सवेरेवाली बस जाती है. उसका कंडक्टर मेरे मायके का है." त्यांनी बोट रजिस्टरवर ठेवलं, चुकीच्या ओळीवर. "लिखो."

मी पेन्सिल उचलली.